कार्बोरेटर नवा, दोष जुना : एका वसुलीची हकीकत

(रेल्वे व टपाल कामगारांच्या अभ्यासवर्गात एका निवृत्त मोटार मेकॅनिकने केलेले भाषण)



भाषण करणे हा माझा धंदा नव्हे. सारी नोकरी मी एका सरकारी मोटार वर्कशॉपमध्ये पाना-स्क्रूड्रायव्हर हाती घेऊन केली. वर्गाचे चिटणीस मला म्हणाले, “काका, तुम्ही नेहमी ती कार्बोरेटरची गोष्ट सांगता ना, तीच इथे सांगा.” म्हणून उभा आहे. ही गोष्ट यंत्राची आहे, एका ड्रायव्हरच्या पगाराची आहे आणि माझ्या एका चुकीचीही आहे. तिन्ही एकमेकांत गुंतलेली असल्याने तिन्ही सांगावी लागतील.

सन १९९३. एका कार्यालयाची अँबॅसिडर गाडी होती. कार्यालयाचे आणि माणसांचे नाव घेत नाही. गाडीचा कार्बोरेटर बाहेरच्या गॅरेजमधून ‘ओव्हरहॉल’ करून आणला होता. नवे किट घातले, बिल फायलीला लागले. त्यानंतर तीन महिन्यांत गाडीचे अॅव्हरेज लिटरला नऊ किलोमीटरवरून साडेसहावर आले. लॉगबुकात आकडे स्पष्ट होते. फायलीवरचा युक्तिवाद सरळ होता : कार्बोरेटर नवा आहे, म्हणजे गाडीत दोष नाही, गाडीत दोष नाही, म्हणजे पेट्रोल दुसरीकडे जाते, आणि गाडीची चावी एकाच माणसाकडे असते. ड्रायव्हरला मेमो मिळाला. जादा पेट्रोलची रक्कम पगारातून हप्त्याने कापण्याचा हुकूम निघाला.

हुकूम निघण्यापूर्वी गाडी तपासणीसाठी आमच्या वर्कशॉपला आली होती. तपासणी मीच केली. बॉनेट उघडले, इंजिन रेस केले, आवाज साफ. प्लग काढून पाहिले तर चारही काळे. काळा प्लग म्हणजे पेट्रोल जास्त. आत डोकावलो तर चोकची नॉब अर्धी ओढलेली. मी ड्रायव्हरला म्हणालो, “मामा, चोक ओढून गाडी चालवता आणि अॅव्हरेज मागता होय?” ते म्हणाले, “मिस्त्री, चोक सोडला की सिग्नलला गाडी बंद पडते हो. साहेब मागे बसलेले असतात.” मी ऐकून घेतले, पण मनावर घेतले नाही. कागदावर शेरा मारला : ‘कार्बोरेटर ठीक आहे.’ खाली सही केली. पुढे वसुलीच्या हुकमात माझे हेच तीन शब्द आधार म्हणून आले.

पहिला हप्ता कापला गेला त्या दिवशी ते माझ्याकडे आले. भांडले नाहीत. एवढेच म्हणाले, “मिस्त्री, तुमच्या सहीने माझ्या पोटावर पाय आला. एकदा परत बघाल का?”

व्हॅक्युम म्हणजे काय

आता थोडे यंत्राबद्दल. रेल्वेतील जुन्या मंडळींना व्हॅक्युम मी काय शिकवणार? ज्यांनी व्हॅक्युम ब्रेकच्या गाड्या चालवल्या, तपासल्या, त्यांना ठाऊक आहे की ट्रेन पाइपात साधारण ५१ सेंटिमीटर, म्हणजे वीस इंच पाऱ्याचा व्हॅक्युम धरावा लागे. कुठे होज पाइपचा वॉशर फाटला, जोड सैल झाला, की बाहेरची हवा आत शिरे, गेजचा काटा पडे आणि ब्रेक चिकटत. मग गाडी परीक्षक काय करी? अर्धी गाडी वेगळी काढून पाही, काटा चढला की दोष उरलेल्या अर्ध्यात. असे करत करत एका डब्यापर्यंत, एका जोडापर्यंत पोचायचे. मोटारीच्या इंजिनात हीच विद्या लागते. फरक एवढाच, की तेथे पाइप अर्धा किलोमीटरचा आणि येथे वीतभर.

पेट्रोल इंजिनाचा पिस्टन खाली जाताना हवा ओढतो. कार्बोरेटरच्या तळाशी बटरफ्लाय असतो, तोच अॅक्सिलरेटरने उघडतो. गाडी उभी, इंजिन चालू, पाय सोडलेला, म्हणजे आयडलिंगवर, बटरफ्लाय जवळजवळ बंद असतो. त्यामुळे त्याच्या खाली, मॅनिफोल्डमध्ये, चांगल्या इंजिनात सतरा ते एकवीस इंच व्हॅक्युम उभा राहतो. या ओढीनेच आयडलिंगचे पेट्रोल बारीक भोकातून आत येते. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. आयडलिंगला इंजिन याहून थोडे जास्तच पेट्रोल मागते. अशा वेळी बटरफ्लायच्या खाली कुठे फट पडली, तर कार्बोरेटरला न विचारता हवा आत घुसते. त्या हवेबरोबर पेट्रोल येत नाही. दहा किलो हवेमागे एक किलो अशी चोरटी हवा आली, तरी १४.७ चे प्रमाण सोळाच्या वर जाते. इंजिन मिसिंग करते, कधी आपोआप वर-खाली होते, कार्बोरेटरमधून फटफट करते आणि सिग्नलला बंद पडते. मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवा, फरक पडत नाही. आमच्या भाषेत, गाडी ‘एअर घेते’.

मग रेस केल्यावर मला दोष का दिसला नाही? कारण रेस केल्यावर इंजिन एकूण हवा कितीतरी जास्त घेते. फटीतून येणारी हवा मात्र जवळपास तेवढीच राहते, म्हणून तिचा हिस्सा नगण्य होतो. आणि चढावर बटरफ्लाय पुरता उघडला की व्हॅक्युमच पडतो, मग फट असून नसल्यासारखी. म्हणून हा दोष पळत्या गाडीत लपतो आणि उभ्या गाडीत दिसतो. मी नेमका उलट वेळी कान लावला होता.

हवा जास्त, तर पेट्रोल जास्त कसे?

हा प्रश्न मला नंतर चौकशीतही विचारला गेला. बरोबर प्रश्न आहे. एअर घेणाऱ्या इंजिनाला पेट्रोल कमी पडते, मग लॉगबुकात ते वाढले कसे?

उत्तर असे. गाडी सिग्नलला बंद पडू नये म्हणून ड्रायव्हर चोक थोडा ओढून ठेवतो. आयडलिंगला त्या जादा पेट्रोलने चोरट्या हवेची भरपाई होते. पण गाडी वेगात आली की चोरट्या हवेचा हिस्सा उरत नाही आणि चोकचे पेट्रोल मात्र चालूच राहते. ते जळत नाही, प्लग काळे करते आणि सायलेन्सरमधून धूर होऊन जाते. दुसरे म्हणजे गाडी बंद पडते अशी तक्रार गॅरेजकडे गेल्यावर त्यांनी मूळ दोष न शोधता मेन जेट बदलला होता. सोलेक्स कार्बोरेटरच्या मेन जेटवर भोकाचे माप आकड्यात कोरलेले असते, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. मी जेट काढून पाहिला, तर आकडा या गाडीच्या मापापेक्षा मोठा. म्हणजे आयडलिंगचा आजार आणि औषध दिले वेगाच्या वाटेवर. रस्त्यावरचा प्रत्येक किलोमीटर महाग झाला.

काळे प्लग पाहून मी ‘पेट्रोल जास्त’ म्हणालो, ते खोटे नव्हते. पण ते का जास्त, हे मी विचारले नाही. ड्रायव्हर ते तोंडाने सांगत होता. त्याचे सांगणे ही माझ्या तपासणीतील पहिली नोंद असायला हवी होती.

शोध कसा घेतला

दुसऱ्यांदा गाडी घेतली तेव्हा मी क्रम धरून गेलो. तो क्रम सांगतो, कारण तो कोणत्याही यंत्राला उपयोगी पडतो.

आधी बाकीचे दोष बाजूला काढले. इंजिन गरम केले. प्लग साफ केले, पॉइंटची गॅप, टायमिंग आणि टॅपेट मापाने लावले. आयडलिंगचा जेट काढून फुंकला, कारण तो तुंबला तरी अगदी अशीच लक्षणे दिसतात. हे न करता कार्बोरेटरला दोष देणे म्हणजे आधी शिक्षा आणि मग चौकशी.

मग मॅनिफोल्डला व्हॅक्युम गेज जोडला. काटा बारा इंचांवर, स्थिर. व्हॉल्व्ह गळत असता तर काटा ठरावीक ठेक्याने खाली पडला असता. टायमिंग मागे असले तरी काटा कमी आणि स्थिर राहतो, पण टायमिंग आधीच लावले होते. म्हणून एअरचा संशय पक्का झाला. एक सूचना : समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना गेज सुमारे एक इंच कमी दाखवतो. पुण्यात तो मुंबईपेक्षा पावणेदोन इंच कमी दिसेल, निलगिरीत उटीला तर सात इंच. तुमच्यापैकी कोणी डोंगराळ भागात बदलीवर असेल, तर आकडा पाहून घाबरू नये.

तिसरी पायरी, एकेक वाट बंद करणे. डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी अॅडव्हान्सची नळी काढून भोक बोटाने दाबले. फरक नाही. म्हणजे नळी आणि तिचा डायफ्राम निर्दोष.

चौथी, कान. हातभर रबरी नळी घेतली, एक टोक कानाला आणि दुसरे प्रत्येक जोडावर फिरवले. पंख्यापासून हात आणि कपडे सांभाळून. कार्बोरेटरच्या बुडाशी ‘श्शू’ असा बारीक आवाज आला.

पाचवी, पाण्याचे थेंब. पुष्कळ मिस्त्री येथे पेट्रोल किंवा थिनर शिंपडतात. बंधूंनो, हे करू नका. या इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला आहेत. कार्बोरेटरच्या खालीच तापून लाल होणारे लोखंड असते. पेट्रोलचा एक शिंतोडा पुरतो. गाडी जळते, माणूस भाजतो आणि अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे लिहिले जाते. ऑइलकॅनमध्ये साधे पाणी घ्या आणि संशयित जोडावर थेंब थेंब सोडा, धार नको, नाहीतर तापलेले बीड तडकेल. फट असेल तर पाणी आत ओढले जाते आणि क्षणभर इंजिनाचा सूर बदलतो.

मॅनिफोल्डच्या दोन्ही जोडांवर थेंब टाकले. सूर बदलला नाही. प्लगांनीही हेच सांगितले होते. या इंजिनात पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरला मिळून एक इनलेट वाट आहे आणि तिसऱ्या-चौथ्याला मिळून दुसरी. एका बाजूचा जोड गळता, तर दोन प्लग काळे आणि दोन पांढरट दिसले असते. चारही सारखेच काळे, म्हणजे दोष चौघांच्या सामाईक वाटेवर. मग कार्बोरेटरच्या फ्लँजवर, दोन नटांच्या मधोमध थेंब टाकला. पाणी गायब झाले आणि इंजिन अडखळले. सापडला.

तेथेच थांबलो असतो, तर पुन्हा अर्धवट काम झाले असते. एक दोष सापडला म्हणजे दुसरा नाही असे नव्हे. बटरफ्लायचा स्पिंडल बोटांनी वर-खाली हलवला. तो खुळखुळत होता आणि हलवताच इंजिनाचा वेग बदलत होता. त्याच्या टोकावर जाड ऑइलचा थेंब सोडला तर वेग जरा स्थिरावला. म्हणजे तेथूनही हवा.

किटमध्ये काय नसते

कार्बोरेटर उतरवला. फ्लँज जाड काचेवर ठेवला आणि फिलर गेज घातला. दोन्ही कान काचेला टेकलेले, मध्ये ०.१५ मिलिमीटरची पाती सरळ जाते. कारण उघड होते. कोणीतरी गळती थांबवण्यासाठी दोन पॅकिंग एकावर एक घालून नट जोर लावून आवळले होते. मऊ पॅकिंगवर कान खाली दबले, मधला भाग उचलला गेला. जितके आवळावे तितकी फट मोठी. हिशेब करा : ०.१५ मिलिमीटरची फट वीस मिलिमीटर लांब असेल, तर तिचे क्षेत्र तीन चौरस मिलिमीटर, म्हणजे दोन मिलिमीटर व्यासाच्या भोकाएवढे. मॅनिफोल्डला तेवढे भोक कोणी ड्रिलने पाडले असते तर सर्वांनी पाहिले असते. फट मात्र कोणाला दिसत नाही.

आणि स्पिंडल? किटमध्ये पॅकिंग असतात, नीडल व्हॉल्व्ह असतो, डायफ्राम असतो. बॉडीतील झिजलेल्या भोकाचे औषध किटमध्ये नसते. त्यासाठी भोक मोठे करून पितळी बुश बसवावा लागतो, ते लेथचे काम आहे. ‘नवे किट घातले’ म्हणजे ‘कार्बोरेटर नवा झाला’ असे नव्हे. फायलीतील पहिले वाक्यच चुकीचे होते.

काचेवर पॉलिश पेपर ठेवून फ्लँज आठाच्या आकड्यासारखा फिरवत सपाट केला. बुश बसवले. मापाचा मेन जेट घातला. पॅकिंग एकच, गम न लावता. नट आलटून पालटून, बेताने आवळले आणि इंजिन गरम झाल्यावर एकदा पुन्हा पाहिले. काटा अठरा इंचांवर गेला. मिक्श्चर स्क्रू अर्धा आटा फिरवला की इंजिन लगेच उत्तर देऊ लागले. चोक पूर्ण आत. त्यानंतर पंधरा दिवस दुसऱ्या ड्रायव्हरच्या साक्षीने लॉगबुक ठेवले. अॅव्हरेज पुन्हा नऊ.

कागदावर काय लिहिले

यंत्र दुरुस्त झाले, पण हुकूम कायम होता. तो मागे घ्यायचा तर कोणीतरी लिहायला हवे होते, की पहिली तपासणी चुकली. ती माझी होती. एक सहकारी म्हणाला, “तू फक्त नवा दोष सापडला असं लिही. जुनं कशाला उकरतोस?” पण ‘नवा दोष’ लिहिला असता तर आधीच्या तीन महिन्यांचे पेट्रोल ड्रायव्हरच्याच माथी राहिले असते. मी लिहिले : ‘दोष ओव्हरहॉलच्या वेळेपासूनचा आहे. माझा पूर्वीचा शेरा चुकीचा होता. ती तपासणी आयडलिंगवर, गेज लावून केलेली नव्हती.’ सोबत गेजचे दोन आकडे, फिलर गेजचे माप, काढलेला जेट आणि ती दोन पॅकिंग पुडीत बांधून जोडली. युनियनने ड्रायव्हरच्या अर्जाला हा कागद लावला.

येथे एक मुद्दा ध्यानात घ्या. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६५ च्या सी.सी.एस. (सी.सी.ए.) नियमांतील अकरावा नियम काय, किंवा रेल्वेचे १९६८ चे शिस्त व अपील नियम काय, पगारातून नुकसानवसुली ही त्यांत शिक्षा म्हणून सांगितली आहे. आणि ती कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे किंवा हुकूमभंगामुळे झालेल्या नुकसानीबद्दल आहे. नुकसान झाले एवढे पुरत नाही. ते या माणसाच्या निष्काळजीपणाने झाले, हे दिसावे लागते. ड्रायव्हरने तीन महिन्यांत दोन वेळा ‘गाडी सिग्नलला बंद पडते’ असे लॉगबुकाच्या शेऱ्यात लिहिले होते. तो शेरा कोणी वाचला नव्हता. शेवटी त्यानेच त्यांना वाचवले. वसुली रद्द झाली, कापलेले दोन हप्ते परत मिळाले. मला लेखी समज मिळाली. ती रास्त होती, मी त्यावर अपील केले नाही.

हुकूम रद्द झाल्यावर ते वर्कशॉपला आले. मी म्हटले, “मामा, सुटलात.” ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “पैसे मिळाले मिस्त्री. पण मधल्या काळात धाकट्या पोरीनं विचारलं होतं, बाबा, तुम्ही खरंच पेट्रोल विकलं का? तिला आज जाऊन सांगतो.”

आज याचा उपयोग काय

कोणी म्हणेल, आता कार्बोरेटर राहिलेत कुठे? खरे आहे. अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरात संपली. २०२० च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहा लागू झाल्यावर नव्या दुचाकींवरही बहुतेक ठिकाणी फ्युएल इंजेक्शन आले. पण इंजेक्शनच्या इंजिनातही मॅनिफोल्डचा जोड फाटला की चोरटी हवा येतेच. तेथे डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि पुष्कळदा त्या दिव्यावरून निर्दोष सेन्सर बदलला जातो. टपाल कार्यालयात वीज गेल्यावर लावायचा लहान पेट्रोल जनरेटर असेल, तर त्याला बहुधा कार्बोरेटरच असतो.

आणि परमनंट वे च्या बंधूंना खास सांगतो. रूळ कापायच्या मशीनचे टू-स्ट्रोक इंजिन एअर घेत असेल तर ते चालवत राहू नका. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळते. हवा वाढून पेट्रोल कमी पडले की ऑइलही कमी पडते आणि पिस्टन जाम होतो. मशीन आपोआप भरधाव फिरू लागले, सोडल्यावरही वेग लवकर उतरेना, की बंद करा आणि रजिस्टरमध्ये वेळ घालून लिहा. मशीन जाम झाल्यावर ‘ऑइल घातले नव्हते’ हा शेरा तुमच्या नावाने येण्याआधी तुमची नोंद तेथे असू द्या.

मी इतकेच शिकलो. यंत्र चालवणारा माणूस जे सांगतो ते आधी लिहून घ्यावे, मग बॉनेट उघडावे. दोष ज्या स्थितीत दिसतो त्याच स्थितीत यंत्र तपासावे. मापाशिवाय ‘ठीक आहे’ असा शेरा मारू नये. आणि आपली सही चुकली असेल, तर ती दुरुस्त करणारी सहीही आपणच करावी, कारण मधल्या काळात दुसऱ्या कोणाचा तरी पगार कापला जात असतो.